कुणाला सांगू नका हं!

प्रत्येक गोतावळ्यात गावं शोधून काढणारा एक गृहस्थ असतो. आमच्यात हा मान साडूभाऊंकडे आहे. त्यांना समुद्रकाठचं असं गाव लागतं, जिथं अजून कुणी पोचलेलं नाही. गाव सापडलं की ते हॉलचं दार लोटून घेतात, टीव्हीचा आवाज बारीक करतात, स्वतःचा त्याहून बारीक करतात आणि नाव सांगतात. मग बजावतात, "कुणाला सांगू नका हं!" तोवर हे बजावणं सोसायटीच्या दोन्ही विंगांत, हास्यक्लबात आणि तोंडात कापूस असताना दाताच्या डॉक्टरकडेही करून झालेलं असतं.

त्यामुळे त्यांची गावं टिकत नाहीत. अलिबाग गेलं ते त्यांच्या लग्नाच्या सुमाराला. मग काशीद गेलं, दिवेआगर गेलं. गुहागर वाचेल अशी आशा होती, पण तेही गेलं. तारकर्लीच्या वेळी आमच्या सासूबाई पोथी वाचत बसल्या होत्या. साडूभाऊ बाहेरून आले, खुर्चीत कोसळले आणि म्हणाले, "तारकर्ली गेली हो!" सासूबाईंनी पोथी मिटली, चष्मा काढला आणि हळहळून विचारलं, "अरेरे! वय काय होतं?"

यंदा जोडून सुट्ट्या आल्या आणि त्यांनी वेंगुर्ला काढलं. "गोव्याच्या उशाला आहे, पण गोव्याला जाणाऱ्यांना पत्ता नाही," असं म्हणून त्यांनी आम्हा दोन्ही कुटुंबांना गाडीत घातलं. आंबोली घाट उतरताना त्यांनी आचारसंहिता सांगितली. आपण पर्यटक नाही. पर्यटक म्हणजे टोपी घालून फोटो काढत हिंडणारे लोक. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर टोपी होती आणि गळ्यात कॅमेरा होता. पण टोपी उन्हासाठी होती आणि कॅमेरा नोंदीसाठी.

उभादांड्याला एका काकींच्या घरी खोल्या सांगितल्या होत्या. काकी अंगण झाडत होत्या. "खंयसून इलास?" त्यांनी विचारलं. पुण्याहून, म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "गेल्या आठवड्यात पण पुण्याचीच माणसां होती." साडूभाऊंनी टोपी काढून घाम पुसला. सहलीला पहिला तडा तिथंच गेला.

आता खरं म्हणजे वेंगुर्ला शोधून काढायला साडूभाऊंना जरा उशीरच झाला होता. सतराव्या शतकात डच तिथं येऊन वखार घालून बसले होते. पोर्तुगीजांच्या गोव्याची कोंडी करणाऱ्या आपल्या जहाजांना रसद पुरवायला त्यांना हे बंदर सोयीचं होतं. वखारीच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. पुढं इंग्रज आले. गावाला 1876 पासून नगरपालिका आहे. जवळच्या शिरोड्याला वि. स. खांडेकर 1920 पासून शाळेत शिकवत होते, 1930 मध्ये तिथल्याच मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला, आणि शेजारच्या आरवलीचे जयवंत दळवी उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. हे सगळं मी वखारीपाशी उभं राहून सांगितलं. साडूभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण आपल्यापैकी कुणी आलं नव्हतं ना!"

शांतता हा त्यांचा खास विषय. किनाऱ्यावर गेलो की ते एकदम हात वर करून सगळ्यांना थांबवत. "ऐका! काही ऐकू येतंय? नाही ना? हेच! याच्यासाठीच आपण आलो!" आम्ही ऐकायला लागायचो, तेवढ्यात ते पुन्हा म्हणायचे, "पुण्यात मिळेल का हे? पैसे टाकून मिळेल?" मग पुण्यात काय काय ऐकू येतं याची यादी चौकांच्या नावांसकट व्हायची. समुद्राच्या बाजूनं काही बोलायचं राहिलंच, तर ते आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या ताईंना, फोन लावून द्यायला सांगत आणि मुलीला ऐकवत, "ऐक, काहीही आवाज नाही!" मुलगी तिकडून "हॅलो, हॅलो" करत राही.

खाण्याचंही तेच. "गावातले लोक खातात तेच आम्हाला द्या," असं त्यांनी काकींना ठणकावून सांगितलं होतं. काकींनी ते मनावर घेतलं. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला खारा बांगडा आला. दुपारी कुळथाची पिठी आणि भात. साडूभाऊ "वा! अस्सल!" म्हणत होते, पण त्यांची नजर शेजारच्या टेबलावरच्या तळलेल्या पापलेटावरून हलत नव्हती. ते टेबल पर्यटकांचं होतं. रात्री ताईंनी काकींना गुपचूप सांगून आमच्या पंगतीतलं अस्सलपण थोडं कमी करून घेतलं.

पहाटे त्यांना किनाऱ्याचा फोटो हवा होता, एकाही माणसाशिवाय. नेमकी त्या दिवशी रापण लागलेली. जाळ्याचा भला मोठा वेढा समुद्रात, त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर, आणि प्रत्येक टोकाला वीस-पंचवीस माणसं ताल धरून दोर ओढताहेत. साडूभाऊ कॅमेरा डोळ्याला लावून हातानं त्यांना "जरा बाजूला, जरा बाजूला" करायला लागले. एक म्हातारा गाबीत मच्छीमार त्यांच्याकडे बघत राहिला. बहुधा त्याला वाटलं, हा माणूस मदतीला यायला जागा मागतोय. "येवा, येवा! धरा हयसर!" त्यानं दोर त्यांच्या हातात दिला. सोडायची सोय नव्हती, कारण मागचे ओढत होते. जाळं बाहेर येईपर्यंत साडूभाऊ गुडघाभर पाण्यात, टोपी वाहून गेलेली, आणि "होऽऽ" मध्ये सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा. हात लावल्याबद्दल रिवाजाप्रमाणे पाच-सहा बांगडे वाट्याला आले. ते घेऊन माणूस असा चालत आला, की असा मी त्याला निवृत्तीच्या समारंभातही पाहिला नव्हता. फोटो मात्र ताईंनी काढला. त्यात माणसंच माणसं आहेत.

त्या भल्या मूडमध्ये त्यांना आरवलीच्या वेतोबाला नेलं. भक्तांनी वाहिलेल्या त्या प्रचंड चपला आणि केळ्यांचे घड बघून ते हरखले. "या देवाबद्दल कुणी लिहीत कसं नाही?" असं म्हणून ते मागं वळले तर दर्शनाची रांग रस्त्यापर्यंत. या वेतोबावर टीव्ही मालिकासुद्धा येऊन गेली, हे त्यांना रांगेतल्या एका पोरीनं सांगितलं.

आमचा रिक्षावाला मात्र वेगळ्याच गोष्टीवर अडून बसला होता. "सगळां बघलास, पण आमचो कचरो बघलास काय?" हे तो दर फेरीला विचारी. साडूभाऊंना वाटलं, चेष्टा आहे. ती नव्हती. वेंगुर्ल्यानं आपल्या कचऱ्याच्या जागेचं खरोखर प्रेक्षणीय स्थळ केलंय. कचरा घराघरांतून वेगवेगळा होऊन येतो, ओल्याचा गॅस आणि खत होतं, प्लॅस्टिकचा चुरा करून रस्त्यांच्या डांबरात घालतात, आणि आवारात बाग आहे. साडूभाऊंचे डोळे चमकले. समुद्र नाही तर नाही, निदान कचराडेपोवर तरी आपण पहिले! फाटकापाशी दुसऱ्या कुठल्याशा नगरपालिकेची माणसं पाहणीला आली होती, चक्क टोप्या घालून आणि फोटो काढत. साडूभाऊ रिक्षातून उतरलेच नाहीत. "हेही गेलं," एवढंच म्हणाले.

मला त्यांचा राग येत नाही. राग येतो तो त्यांच्या हिशेबाचा. गावात मोबाइलचा टॉवर नको, रुंद रस्ता नको, दुकानाची पाटी नको. पण रेंज गेली की काकींच्या पोराला हाक. वाटेतल्या वाड्यांमधली बंद घरं त्यांना फार आवडली, "काय निवांत आहे!" असं ते प्रत्येक कुलपापाशी म्हणाले. त्या कुलपांच्या किल्ल्या लालबाग-परळपासून नालासोपाऱ्यापर्यंत चाकरमान्यांच्या खिशात आहेत आणि गणपतीखेरीज त्या बाहेर निघत नाहीत. काकींचा थोरलाही गोव्यात हॉटेलात आहे. कोकणातल्या पुष्कळशा शांततेची किंमत अशी कुणीतरी भरलेली असते.

हे मी त्यांना सांगायचं म्हणत होतो, पण ते काम काकींनी केलं. निघायच्या सकाळी साडूभाऊ पडवीत बसून मला समजावत होते, "तुम्ही लिहिणारी माणसं. नाव छापू नका. गाव वाचवायचं असेल तर एकच उपाय, कुणाला सांगू नका हं!" काकी आतून लाटणं घेऊनच बाहेर आल्या.

"सांगू नको कित्याक? सांगा मरे! खोल्यांचो हप्तो कोण भरतलो?"

साडूभाऊंना इतकं निरुत्तर झालेलं मी प्रथमच पाहिलं. परतताना आंबोलीपर्यंत ते गप्प होते. आंबोलीत चहा पोटात गेल्यावर त्यांनी आवाज खाली आणला आणि कर्नाटकात, कारवारच्या पुढं एक गाव आहे म्हणाले.

तर काकींचा निरोप पोचवतो. कुडाळला किंवा सावंतवाडीला उतरलात की वेंगुर्ल्याची एसटी मिळते. दुपारी बाजारपेठ झोपते, तेव्हा खरेदी सकाळी करा. रापण लागली असेल तर हात लावा. काकींच्या खोल्या शनिवार-रविवार भरतात, पण सोमवार ते गुरुवार रिकाम्या असतात. तेव्हा जा, आणि आल्यावर सगळ्यांना सांगा.