आत्या आणि आइसलँड

(रंगमंचावर एक खुर्ची, तिच्यावर शाल. शाल डोक्यावर घेतली की आत्या. आत्या फोन कानाला नाही, तोंडासमोर धरते आणि ओरडते.)

मंडळी, संभाजीनगरात एकपात्री करायची म्हणजे जिवावरचं काम. इथं लक्ष्मण देशपांडे सर होऊन गेलेत. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'! गावाला दरवाजे होते बावन्न, आणि सरांच्या एकट्याच्या अंगात माणसंही बावन्न! मी दोनच आणलीत. मी आणि आत्या. बाकी पन्नासांचा व्हिसा नाकारला.

सरांचं वऱ्हाड लंडनला गेलं, मी आणखी वर सरकलो. नोकरी लागली आइसलँडला. घरी सांगितलं.

(शाल) "कुठलं लँड? एनए हाय का? गुंठेवारीत अडकशील बघ!"

अगं आत्या, प्लॉट नाही, देश आहे! समुद्रातलं बेट. सगळा देश मिळून चार लाख माणसं नाहीत. आपलं गाव 2011 च्या जनगणनेतच पावणेबारा लाख होतं. तिथं रेल्वे नाही, सैन्य नाही. डाससुद्धा नव्हते हो! 2025 च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा सापडले. किती? तीन! दोन माद्या, एक नर. जगभर बातमी झाली. इकडं मी सिडकोत एका टाळीत तीन मारतो, कुणी साधं विचारत नाही.

(शाल) "तीनच? जाताना सांगायचं होतंस, डबा भरून दिला असता."

आणि तिथं बहुतेकांना आडनाव नसतं. बापाच्या नावाला पोरगा किंवा पोरगी जोडायचं, झालं. हाक सगळ्यांना पहिल्या नावानं. राष्ट्राध्यक्ष आहेत हाल्ला तोमासदोत्तिर, त्यांनाही नुसतं हाल्ला!

(शाल) "देवा! आपल्याकडं नगरसेवकाच्या मेव्हण्यालाबी भाऊसाहेब म्हणावं लागतंय. तू हाल्लाताई म्हण. संस्कार सोडू नको."

हे सगळं ठीक. पण मंडळी, पाणी! तिथं जमिनीत ज्वालामुखी. दहातल्या नऊ घरांना जमिनीतली ऊब. नळ सोडला की गरम पाणी. रात्री दोनला सोडा, गरम! राजधानी रेक्याविकला भर गावात फुटपाथखालून गरम पाण्याचे पाइप घातलेत, बर्फ वितळावा म्हणून.

(शाल. बराच वेळ गप्प.) "...रस्त्याला आंघोळ घालतेत? गरम पाण्यानं? आन् मी पाठ मोडून टिपाडात वाकायले?"

बरं, त्या गरम पाण्याला वास येतो. गंधकाचा. अगदी सडक्या अंड्यासारखा.

(शाल) "अंडं?! मंग गुरुवारी काय करतूस?"

गुरुवारी पारोसा राहतो, आत्या.

आता खरा प्रसंग. तिथं गावोगावी उघड्यावरचे पोहण्याचे तलाव. बाहेर बर्फ, आत गरम पाणी. गेलो. चड्डी घालून, छाती काढून. दारात अडवलं. आधी साबण लावून आंघोळ. म्हटलं, करतो. तर म्हणे, चड्डी काढून! सगळ्यांसमोर! भिंतीवर चित्र, माणसाचं. कुठं कुठं साबण लावायचा ते रंगवून दाखवलेलं. डोकं, काखा, पाय आणि... (थांबतो. पहिल्या रांगेकडं बघतो.) काकू, तुम्ही समजून घेतलं, आभारी आहे.

अहो, आपण मराठी माणूस! टॉवेल दातात धरून एसटी स्टँडवर कपडे बदलतो, समोरच्याला गुडघा दिसत नाही. ही आपली हजार वर्षांची कला, आणि ती त्या बाथरूमच्या दारात मातीमोल झाली. शेजारी सत्तरीचे आजोबा, जन्मतः होते तसे, मला विचारतात, "कुठून आलात?" मी कुठं बघून उत्तर देऊ?

(शाल) "तोंडाकडं बघायचं की! आन् मला सांग, एवढं पाणी वाहून जातंय, खाली बादली लावली व्हती का?"

(शाल खांद्यावर घेतो. आवाज खाली.)

रेक्याविकमधला मोठा बाजाररस्ता आहे, लॉगावेगुर. तो का झाला माहितीय? पूर्वी बायका सगळ्या गावाचं धुणं पाठीवर घेऊन गरम झऱ्यांवर जायच्या. तीन किलोमीटर. बर्फातून, वाऱ्यातून. काही जणी पाय घसरून उकळत्या पाण्यात पडल्या, गेल्या. त्यांच्यासाठीच हा रस्ता केला. आणि 1930 ला त्याच झऱ्यांचं पाणी पाइपानं गावात आणलं. शाळा, दवाखाना, साठेक घरं.

हे मी आत्याला फोनवर सांगितलं. ती रात्री नळाला जागी होती. पाणी यायचं होतं, आलं नव्हतं. पाठीवरच्या ओझ्याचं ऐकून ती एवढंच म्हणाली, "त्यांचीबी कंबर गेली असंल रे." आपल्या याच गावात चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरानं जमिनीखालून नहर आणली. जायकवाडी धरण पन्नास किलोमीटरवर भरलेलं. आणि माझी आत्या टिपाडाशेजारी खुर्ची टाकून...

(शाल झटकन डोक्यावर) "पक्या! फोन ठिव! आलं! मोटार लाव रे कुणीतरी! शेजारनीनं आधी लावली, वढायली मेली!"

(शाल खुर्चीवर.)

मंडळी, दहा मिनिटांचं मध्यंतर. चहा बाहेर आहे. बेसिनचा नळ कृपया उघडू नका, आज आपला दिवस नाही.