बायोसदादा

प्रत्येक सोसायटीत एक बायोसदादा असतो. नसला तर शेजारच्या बिल्डिंगमधून बोलावता येतो. वय एकोणीस ते पंचवीस, शिक्षण ‘इंजिनिअरिंग चालू आहे’ किंवा ‘झालंय, बघतोय’, पायात घरातल्याच स्लिपर आणि किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेला पेनड्राइव्ह. घरात शिरल्यावर तो माणसांकडे बघत नाही, सरळ टेबलाखालच्या सीपीयूकडे बघतो. पाणी नको म्हणतो, खुर्ची ओढतो आणि विचारतो, “अकरा टाकलंय ना?”

अकरा म्हणजे विंडोज अकरा. टाकलेलं असतंच. फुकट मिळतंय म्हटल्यावर कोण सोडतो! ऑक्टोबर २०२१मध्ये ते आलं आणि घरोघरी चढलं, कुठे कुठे मायक्रोसॉफ्टच्या अटींना वळसा घालूनही. मग एका संध्याकाळी चिरंजीव ‘व्हॅलोरंट’ उघडतात आणि खेळाऐवजी इंग्रजीतली एक ओळ येते, सोबत आकडा: व्हॅन ९००३. काकू राउटर बंद करून चालू करतात, कारण त्यांच्या घरात सगळ्या आजारांवर तेच औषध आहे. काका म्हणतात, “बरं झालं, आता अभ्यास होईल.” मित्र सल्ला देतो, गेम उडवून पुन्हा डाउनलोड कर. रात्रभर डाउनलोड होतो. सकाळी व्हॅन ९००३ तिथेच. तेव्हा कुठे दादाला फोन जातो.

दादाला हा आकडा ऐकूनच कळतं. ९००१ असेल तर टीपीएम नावाच्या सुरक्षा-सोयीचं दुखणं, ९००३ असेल तर सिक्युअर बूट बंद. तरी तो फोनवर काही सांगत नाही. “बघावं लागेल” एवढंच म्हणतो आणि रविवारी साडेअकराला, म्हणजे पोहे होण्याच्या सुमाराला, हजर होतो.

दुखण्याचं मूळ बहुधा दुकानात असतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून पीसी असेंबल करून आणताना मुलाने ग्राफिक्स कार्डाचा तीन महिने अभ्यास केलेला असतो. मदरबोर्डबद्दल कोणी चकार शब्द काढलेला नसतो. “सगळं टाकून देतो साहेब,” म्हणत दुकानातला पोऱ्या विंडोज चढवतो, तेही जुन्या पद्धतीने. या पद्धतीला एमबीआर म्हणतात आणि ती १९८३ सालची आहे. डिस्कवर चारच मुख्य पार्टिशन, दोन टीबीच्या वर हिशेब नाही. सिक्युअर बूट २०१२च्या विंडोज आठबरोबर घरोघरच्या पीसीत आलं, पण ते वापरायला यूईएफआय नावाची नवी पद्धत लागते. कॉम्प्युटर चालतोय ना, मग कशाला हात लावा, या थोर तत्त्वावर ते वर्षानुवर्षं बंदच पडून राहिलं.

दादा विंडोजचं बटण आणि आर दाबतो, ‘एमएसइन्फो३२’ टाइप करतो आणि उघडलेल्या यादीत एका ओळीवर बोट ठेवतो. बायोस मोड: लीगसी, म्हणजे जुनी पद्धत.

“काकू, लीगसी आहे.”

“अगंबाई! बरं होईल ना?”

“होईल. पण वेळ लागेल,” असं म्हणताना त्याच्या आवाजात जो गंभीरपणा येतो तो पुढे नोकरीच्या मुलाखतीत कधीच येत नाही.

इथे दादांचे दोन पंथ पडतात. पहिला पंथ उतावळ्यांचा. हे लोक सरळ बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, घुसतात, जुनी पद्धत चालवणारं सीएसएम बंद करतात, सिक्युअर बूट चालू करतात, एफ१० दाबून सेव्ह करतात आणि विजयी मुद्रेने मागे रेलतात. पीसी सुरू होतो आणि थेट बायोसमध्येच परत येतो. पुन्हा सुरू केला, पुन्हा बायोस. डिस्क जुन्या पद्धतीची, बोर्ड नव्या पद्धतीचा. दोघांची ओळखच पटत नाही. त्याच डिस्कवर काकांचं टॅली असतं आणि जीएसटीची तारीख दोन दिवसांवर असते. उतावळ्याचा त्या घरातला पोह्यांचा हक्क तिथेच संपतो. वास्तविक सीएसएम पुन्हा चालू केलं की बहुतेक वेळा विंडोज जसंच्या तसं उठतं, पण तोवर काकांचा आवाज इतका चढलेला असतो की ते सुचणार कोणाला?

दुसरा पंथ खऱ्यांचा. खरा दादा बायोसला हात लावण्याआधी विचारतो, “बिटलॉकरची रिकव्हरी की कुठे आहे?” घरात शांतता पसरते. ही की ४८ आकडी असते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलेल्या अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क कोणाला न विचारता कुलूपबंद होते, आणि सिक्युअर बूट किंवा टीपीएम हलवलं की पुढच्या वेळी विंडोज ते ४८ आकडे मागू शकतं. की त्या खात्यातच साठवलेली असते, पण खातं कोणाचं? चौकशीअंती कळतं की ते चिरंजीवांनी सातवीत असताना उघडलं होतं, जन्मसाल १९९० टाकून. पासवर्ड आठवेपर्यंत पोह्यांची दुसरी बशी होते.

मग येतो एमबीआर-टू-जीपीटी. विंडोज दहामध्ये २०१७पासून मायक्रोसॉफ्टने स्वतःच दिलेली ही सोय, डेटा न पुसता डिस्क नव्या पद्धतीवर नेते. खरा दादा आधी नुसती तपासणी लावतो, आणि मराठी घरात ती हमखास नापास होते. कारण डिस्कवर तीनपेक्षा जास्त पार्टिशन असलेली तिला चालत नाहीत, आणि आपल्याकडे सी विंडोजचा, डी फोटोंचा, ई पिक्चरचा, शिवाय सिस्टिमचा एक लपलेला. “ई उडवावा लागेल,” दादा म्हणतो. ई मध्ये काय आहे हे पाहायला काका पुढे सरकतात आणि चिरंजीवांचा चेहरा पांढरा पडतो. “मी कॉपी करतो, मी करतो!” म्हणत तो पेनड्राइव्ह शोधायला धावतो. दादा तेवढा वेळ तोंड फिरवून खिडकीबाहेर बघतो. डॉक्टरासारखी गुप्तता पाळणं ही या धंद्याची नीती आहे.

पुढचं काम पाहण्यासारखं. पीसी रीस्टार्ट होताना डिलीटचं बटण टकटकटकटक असं दाबत राहायचं. एकदाच दाबून वाट बघणारा नवखा. बायोस उघडल्यावर प्रत्येक कंपनीचा वेगळा कारभार. टीपीएमला इंटेलवाले पीटीटी म्हणतात, एएमडीवाले एफटीपीएम. दोन्ही प्रोसेसर किंवा चिपसेटमध्येच असतात, त्यामुळे वेगळा सुटा भाग सहसा लागत नाही. २०२१मध्ये विंडोज अकराची अट जाहीर होताच लोक सुट्या टीपीएमवर तुटून पडले आणि त्याचे भाव वर गेले, ही आठवण दादा इथे हमखास काढतो. सिक्युअर बूट ‘चालू’ केल्यावरही विंडोज ‘बंद’च म्हणतं, हा शेवटचा फास. बोर्डात कारखान्याच्या किल्ल्या भरलेल्याच नसतात. त्या ‘रिस्टोर फॅक्टरी कीज’ने भराव्या लागतात, हे ज्याला ठाऊक तो खरा दादा.

एवढा वेळ पेपर वाचण्याचं नाटक करणारे काका आता चष्म्यावरून बघतात. “एक सांग. नुसत्या गेमला एवढ्या आत शिरायचं काय कारण?”

प्रश्न बिनतोड आहे. दादा खुलतो. चीट विकणारे आता विंडोजच्या गाभ्यात घुसतात, म्हणून त्यांना पकडणारा ‘व्हॅलोरंट’चा पहारेकरी प्रोग्रॅम, व्हॅनगार्ड, हाही गाभ्यातच बसतो, तोही पीसी चालू होतानाच. कारण आधी जो बसेल तो नंतरच्याला फसवू शकतो. सिक्युअर बूट सुरुवातीला चढणाऱ्या प्रोग्रॅमची सही तपासतं. “म्हणजे गेटवरचा वॉचमन समजा काका, वहीत नाव असेल तरच आत.”

“आपला वॉचमन तर झोपलेला असतो,” काकू आतून म्हणतात.

काका मात्र हटत नाहीत. “ती कंपनी चिनी ना? पब्जी तर सरकारने बंद केला होता.” हेही खरंच. ‘व्हॅलोरंट’ काढणारी रायट गेम्स अमेरिकेतली असली तरी २०१५पासून पूर्णपणे चिनी टेन्सेंटच्या मालकीची आहे आणि पब्जी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२०ला बंदी आली होती. व्हॅनगार्डवर तर पहिल्याच वर्षी ओरड झाली, काहींचे पंख्याचा वेग सांभाळणारे प्रोग्रॅमच त्याने अडवले. पुढे कंपनीला घड्याळाशेजारच्या चिन्हातून तो बंद करण्याची सोय द्यावी लागली. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले, विमानं अडकली, तेही असंच गाभ्यात बसणारं सॉफ्टवेअर होतं. दादा हे सगळं प्रामाणिकपणे सांगतो, फक्त गेम सुरू झाल्यानंतर. काका पेपर घडी घालून म्हणतात, “मग आपण काय केलं आत्ता?”

आत्ता काय केलं? गंमत अशी की पीसी आधीपेक्षा सुरक्षित केला. बूट होतानाच शिरणाऱ्या व्हायरसला अडवणारी ही सोय चालू करा, म्हणून मायक्रोसॉफ्ट किती वर्षं सांगत होतं. कोणी लक्ष दिलं नाही. बँकेचे एसएमएस वाचूनही ज्या घरात पासवर्ड बदलला गेला नाही, त्या घरात एका बंदुकीच्या खेळाने एका रविवारी टीपीएम चालू करून दाखवलं. आता ‘बॅटलफील्ड ६’ आणि ‘ब्लॅक ऑप्स ७’ या खेळांनीही सिक्युअर बूटची आणि टीपीएमची अट घातली आहे. त्यामुळे दादाचे रविवार भरलेले आहेत. पैसे विचारले तर “काय काका, घरचंच आहे” म्हणतो. हे तो मनापासून म्हणतो आणि नंतर त्याला वाईटही वाटतं.

स्वतः दादाकडे सहाव्या पिढीचा इंटेल आहे. मायक्रोसॉफ्टच्या यादीत तो विंडोज अकराला पात्रच नाही, म्हणून दादा दहावरच आहे, ज्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

तेव्हा त्याला बोलावण्याआधी रिकव्हरी कीचे ४८ आकडे कागदावर लिहून ठेवा, टॅलीचा आणि लग्नाच्या फोटोंचा बॅकअप घ्या, ई ड्राइव्ह मुलाला आदल्या दिवशीच रिकामा करू द्या. पोह्यांबरोबर पाकीटही द्या. आणि नंबर जपून ठेवा: सिक्युअर बूटची २०११ सालची प्रमाणपत्रं जून २०२६पासून मुदतबाह्य होऊ लागतात.