सात पर्सेंटाइलचा सातबारा

पौडच्या आमच्या तात्यांनी मुलाच्या नीट-पीजीच्या निकालाचे पेढे वाटले. ८५ म्हणजे डिस्टिंक्शन, असा त्यांचा हिशेब. डॉक्टर चिरंजीव मात्र माडीवर तोंड लपवून बसलेले. हे ८५ टक्के नसून पर्सेंटाइल आहेत, परीक्षेला बसलेल्या २ लाख ३० हजारांतले चौतीस हजार आपल्या पुढं आहेत, हे बापाला सांगायचं कसं? शेवटी सांगितलंच. तात्यांनी एकच विचारलं, "आन् मागं किती?"

"एक लाख पंच्याण्णव हजार."

"आरं मग मैदान मारलंस की!"

अडचण अशी, की पोराला सर्जरी हवी. तीही सरकारी कॉलेजात, जमलं तर ससूनला. या रँकला ससूनला सर्जरी मिळणं म्हणजे शनिवारी संध्याकाळी चांदणी चौक मोकळा मिळणं. मामा म्हणाले, त्वचारोग घे, रात्रीची झोप तरी मिळेल. मामांना कोण सांगणार, की त्वचारोग सर्जरीच्याही आधी संपतं! ज्या शाखेत झोप मिळते, ती शाखा आधी जाते. देशातली सगळ्यात हुशार पोरं डॉक्टर होऊन पहिली मागणी करतात ती झोपेची.

सुश्रुतानं शिष्यांना कोहळ्यावर आणि दुधीवर चिरा द्यायला शिकवलं. हात बसला की पुढचं. आता हात कुणी बघत नाही. साडेतीन तासांत २०० प्रश्न, बरोबर आला तर चार गुण, चुकला तर एक वजा. आमच्या पोरानं इंटर्नशिपमध्ये घातलेले टाके बघून सिस्टर खूश व्हायच्या, पण टाक्यांना पर्याय अ, ब, क, ड नसतात.

तेवढ्यात जानेवारी २०२६ उजाडला आणि सरकारला दया आली. हजारो जागा रिकाम्या म्हणून खुल्या गटाची पात्रता ५० पर्सेंटाइलवरून थेट ७ वर, म्हणजे ८०० पैकी २७६ गुणांवरून १०३ वर. राखीव गटांना शून्य पर्सेंटाइल, म्हणजे उणे ४० गुण. (२०२३ साली तर सरसकट सगळ्यांनाच शून्य केलं होतं.) उणे ४० मिळवायलाही कष्ट पडतात. एकाही उत्तराला हात न लावता साडेतीन तास नुसतं बसून राहणारा त्याच्या ४० गुण पुढं असतो.

तात्या हरखले. "म्हंजी आता आपल्याला सर्जरी?" नाही तात्या. रिकाम्या राहतात त्या शरीररचनाशास्त्रासारख्या, जिथं पेशंट जिवंत नसतो. नाहीतर खासगी कॉलेजातल्या, जिथं फी ऐकून बाप जिवंत राहत नाही.

मग घरी एक कौन्सिलिंगवाला आला. पांढरे बूट, दोन मोबाइल. गैरप्रकार अजिबात नाही म्हणाला. सगळं ऑनलाइन, सगळं मेरिटवर. फक्त मॅनेजमेंट कोट्याची फी ऐकली की पुढचे हुशार एकेक करून खाली बसतात आणि मेरिट आपसूक मागच्यांपर्यंत चालत येतं.

आमच्या मुळशीला हे पैशाचं मेरिट नवं नाही. १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तो धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी. जमिनी बुडाल्याच. उरलेल्यांतल्या कितीतरी नंतर फार्महाऊसखाली आणि हिंजवडीच्या काचेखाली गेल्या. तात्यांकडे राहिलंय ते ओढ्याकाठचं आंबेमोहोराचं एक खाचर. प्लॉटिंगवाले रोज गाडी थांबवून विचारतात, आणि तात्या रोज त्यांना चहा पाजून परत पाठवतात.

परवा तात्या न सांगता तलाठ्याकडं जाऊन आले. कौन्सिलिंगवाला पुन्हा आला, तेव्हा पोरानं स्कोअरकार्ड पुढं केलं. त्यानं ते न बघताच बाजूला ठेवलं. तात्यांनी दिलेला सातबारा मात्र खिडकीशी नेऊन उजेडात धरला, क्षेत्राच्या रकान्यावर बोट फिरवलं आणि मान डोलावली.

"हां. याच्यावर सर्जरी बसते."