गाडी धुऊ नका, भरा

जागतिक तापमानवाढीवरचा भारताचा उतारा ज्यांना याचि देही पाहायचा होता, त्यांनी फेब्रुवारी २०२३मध्ये बंगळुरूला यायला हवं होतं. जी-२०च्या ऊर्जा गटाची बैठक, पर्यावरण गटाची बैठक आणि पेट्रोलियम मंत्रालयाचा 'इंडिया एनर्जी वीक' अशी तिन्ही कार्यं एकाच आठवड्यात उरकून घेतली होती. हवा शुद्ध कशी राखावी, हे तेलकंपन्या समजावून सांगत होत्या. बोक्याने दुधाच्या राखणीवर परिसंवाद भरवावा तसं. ६ तारखेला पंतप्रधानांनी ई-२०चं लोकार्पण केलं. म्हणजे ८० टक्के पेट्रोल आणि २० टक्के इथेनॉल, सुरुवातीला ८४ पंपांवर. शिवाय पंपावरच्या मंडळींना प्लास्टिकच्या जुन्या बाटल्यांच्या धाग्याचे गणवेश, एका गणवेशाला साधारण २८ बाटल्या. तसलंच निळं जाकीट इंडियन ऑइलने पंतप्रधानांना भेट दिलं आणि दोन दिवसांनी ते संसदेतही दिसलं. बाटल्यांची सोय झाली. बाटलीत भरायचं काय, हा प्रश्न त्या आठवड्याच्या कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

तो वर्षभराने आला. मार्च २०२४मध्ये शहरातल्या हजारो बोअरवेल आटल्या. बंगळुरू विकासाचं खातं सांभाळणारे उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांनी आपल्या घरची बोअरही कोरडी पडल्याचं सांगून टाकलं. समता म्हणतात ती हीच. केंद्राचं 'मिशन लाइफ' नागरिकांना सांगतं की वापर नसेल तेव्हा नळ बंद ठेवा. बंगळुरूकरांनी त्या उन्हाळ्यात हे व्रत इतकं कडक पाळलं की नळ उघडा ठेवला तरी मोडत नव्हतं. जलमंडळाने फर्मान काढलं: पिण्याच्या पाण्याने गाडी धुतलीत किंवा बाग शिंपलीत, तर पाच हजार दंड. २२ कुटुंबांकडून १ लाख १० हजार वसूलही केले. टँकरचे दर बांधून दिले. पाच किलोमीटरच्या आत १२ हजार लिटरचा टँकर, हजार रुपये.

आता हा टँकर जरा डोळ्यांसमोर उभा करा. नीती आयोगाचा २०२१चा इथेनॉल आराखडा, म्हणजे सरकारचाच कागद, सांगतो की उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. म्हणजे अख्ख्या टँकरचं इथेनॉल झालं जेमतेम चार लिटर. त्यात सोळा लिटर पेट्रोल मिसळलं की वीस लिटर ई-२०. साध्या मोटारीची टाकीसुद्धा यात काठोकाठ भरत नाही. थोडक्यात, गाडीच्या टपावर बादलीभर पाणी ओतणं हा गुन्हा. तिच्या पोटात टँकर रिचवणं हे राष्ट्रीय धोरण.

मक्याला पाणी कमी लागतं, हे त्याच आराखड्यात आहे आणि हल्ली मक्याचा वाटा वाढलाही आहे. पण उसाची सर मक्याला कुठून यायची? उसामागे कारखाना, कारखान्यामागे चेअरमन, चेअरमनमागे मतदारसंघ. मक्यामागे कोंबड्या, आणि कोंबड्यांना मत नसतं.

बरं, धोरण तरी ठाम असावं? २०२३ला पाऊस कमी झाला, साखरेची चणचण दिसू लागली, लोकसभेची निवडणूक तोंडावर आली. ७ डिसेंबरला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. केंद्राच्याच व्याजसवलतीच्या भरवशावर डिस्टिलऱ्या उभारून बसलेल्या आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ओरड झाली, १५ तारखेला मनाई सैल झाली. हवामान बिघडू नये म्हणून आखलेलं धोरण हवामान बिघडल्यामुळे अडलं. ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ साली भारताने निव्वळ शून्य उत्सर्जनाचा वायदा २०७०चा केला होता. आठवड्याचा हिशेब कुणी मागितला नव्हता.

बंगळुरूला आमची एक नम्र सूचना आहे. कावेरीचं पाणी पाणी म्हणून मागितलं की तामिळनाडू कोर्टात जातं, लवाद बसतो, बंद पुकारले जातात. तेच पाणी उसात मुरून इथेनॉल म्हणून टाकीत आलं, तर कुणी हूं की चूं करत नाही. तेव्हा शहराने पाणी मागणं सोडावं आणि इथेनॉल मागावं. त्याला लवाद लागत नाही.

तोवर बंगळुरूतल्या गाडीवाल्यांनी काच पुसायला ओलं फडकं वापरावं. पेट्रोल मात्र खुशाल टाकी फुल करून घ्या; त्याला दंड नाही.