खाणीची धूळ, मरे!

तुमच्याही गावात तो आहेच. पतसंस्थेचा कॉम्प्युटर अडला की कंपनीच्या माणसाआधी ज्याला हाक जाते, तो. आमच्या गोव्यातल्या शिरगावात त्याला सगळे भाई म्हणतात आणि त्याचं निदान ठरलेलं असतं: ‘खाणीची धूळ, मरे!’

प्रिंटर कागद चावतो? खाणीची धूळ. इंटरनेट गेलं? वायरीत धूळ. एका निवृत्त मास्तरांना पेन्शनचा पासवर्ड आठवेना, तर भाईने आधी कीबोर्ड उपडा करून बडवला. मास्तर थोडक्यात बचावले.

2019 सालची गोष्ट. पतसंस्थेत टेबलाखाली दोन सीपीयू. एकावर खाती, दुसऱ्यावर विजेची बिलं. मॉनिटर, माउस, कीबोर्ड मात्र एकच. मधे केव्हीएम स्विचची काळी डबी. स्क्रोल लॉक दोनदा दाबलं की इकडून तिकडे. त्या दिवशी चित्र दिसत होतं, माउस फिरत होता, कीबोर्ड मात्र ठार. नम लॉकचा दिवाही लागेना. रांगेतल्या बायका पासबुकाने वारा घेऊ लागल्या.

भाई आला. कीबोर्ड उपडा, चार थापा, एक फुंकर, निदान. मग त्याने कीबोर्ड डबीतून काढून थेट सीपीयूला लावला. चालला! म्हणजे कीबोर्ड निर्दोष, धूळही निर्दोष. चोर ती डबी. त्याने दोन्ही कॉम्प्युटर बंद करून डबीच्या सगळ्या वायरी सोडवल्या. बंद सीपीयूच्या यूएसबीतूनही डबीला थोडा करंट मिळत राहू शकतो, म्हणून नुसतं बटण बंद करून भागत नाही. पार उपाशी ठेवल्याशिवाय ती घोळ विसरत नाही. जरा थांबून आधी कीबोर्ड डबीला लावला, मग एकेक कॉम्प्युटर सुरू केला. दिवा लागला.

‘बघितलं? धूळ!’

इलाज अचूक, निदान भलतंच. डॉक्टरांत बहुधा उलट असतं.

मॅनेजर चिडले. 2012 त खाणी बंद पडल्या, मधे थोड्या धुगधुगल्या, 2018 त सर्वोच्च न्यायालयाने लिझं रद्द केली; आता कसली धूळ?

‘जुनी,’ भाई म्हणाला.

कबूल करायला जिवावर येतं, पण त्या जुन्या धुळीवर त्याचा हक्क आहे. तो खाणीच्या वजनकाट्यावर होता. एका कॉम्प्युटरवर ट्रकचं वजन, दुसऱ्यावर चलन, मधे अशीच डबी. तिथे बटणांखाली खरोखरच लाल थर साचायचा. थापांची सवय तिथली. आधी गावच्या विहिरींचं पाणी गेलं, मग खाण थांबली आणि भाईचा पगारही गेला. हाताशी उरली ही विद्या, आणि तिचे तो पैसे घेत नाही. चहा घेतो. लईराई देवीच्या जत्रेआधी, तिच्या धोंड भक्तांच्या व्रतात असला की तोही नाही. कीबोर्ड मात्र बडवून जातो.

2024 त डिचोलीत खाण पुन्हा सुरू झाली. परवा पतसंस्थेचा कीबोर्ड पुन्हा अडला. भाई दारात दिसताच अख्ख्या रांगेने एका सुरात निदान सांगितलं. भाईला राग आला.

‘धूळ कसली? व्होल्टेज, मरे!’

काट्यावरच्या नोकरीसाठी त्याने अर्ज घातला आहे.