‘तेवढं सीईचं स्टिकर लावून टाका’

भोसरीच्या एमआयडीसीतले काही छोटे कारखानदार पाकिटं भरणारी, बाटल्यांना झाकणं बसवणारी यंत्रं बनवतात आणि त्यांतली काही युरोपात पाठवतात. अशा यंत्रांची कागदपत्रं करणं हे माझं काम. यंत्र रंगवून झालेलं असतं, खोक्याच्या फळ्या ठोकायला माणसं उभी असतात आणि तेव्हा मला फोन येतो, ‘‘मॅडम, तेवढं सीईचं स्टिकर लावून टाका.’’ या वाक्याचा मला मनापासून राग येतो.

मुळात ते स्टिकर नसतं; यंत्र युरोपीय नियमांत बसतं, असं उत्पादक ज्यातून सांगतो ते चिन्ह म्हणजे सीई. यंत्रांसाठीचा युरोपीय निर्देश २००६/४२/ईसी सांगतो, की हे चिन्ह उत्पादकाच्या नावाशेजारी आणि नाव ज्या पद्धतीनं उमटवलंय त्याच पद्धतीनं उमटवायचं. नाव पितळी पट्टीवर कोरलेलं असेल, तर सीईसुद्धा कोरायचं. उंची किमान ५ मिलिमीटर; अगदी लहान यंत्राला तेवढी सवलत आहे. आकारही ठरलेला. दोन्ही अक्षरं वर्तुळाच्या कमानीवर काढलेली असतात, म्हणजे ‘ई’सुद्धा गोल असतो. आमच्याकडे नेमप्लेट करणारा मात्र संगणकावर दोन अक्षरं टाइप करतो आणि जागेत बसावीत म्हणून बाजूनं दाबतो. मी मूळ आकृतीची फाइल पाठवते. तो म्हणतो, ‘‘सेमच दिसतंय की.’’ सेम दिसत नाही. मग कुणीतरी जाणकार सांगतो, की अक्षरं जवळ आली की त्याचा अर्थ ‘चायना एक्स्पोर्ट’ होतो. असं कुठलंही वेगळं चिन्ह नाही. जवळ आलेली अक्षरं म्हणजे चुकीचं काढलेलं सीई, एवढंच.

दुसरी तक्रार ‘सीई सर्टिफिकेट’ या शब्दांची. बहुतेक यंत्रांना असं सर्टिफिकेट कुणी देत नाही. उत्पादकानंच यंत्र तपासायचं, धोके शोधायचे, ते दूर करायचे, त्याची टेक्निकल फाइल ठेवायची आणि स्वतःच्या सहीनं जाहीर करायचं, की हे यंत्र नियमांत बसतं. ही फाइल शेवटचं यंत्र बनवल्यापासून किमान दहा वर्षं जपायची असते. काही धोकादायक यंत्रांना बाहेरची संस्था लागते. ती उत्पादनाच्या गुणवत्ता-व्यवस्थेवर देखरेख ठेवत असेल, तर तिचा चार आकडी क्रमांक चिन्हाशेजारी येतो. तरीही बायर सर्टिफिकेटच मागतो. कारखानदार मग कुठल्यातरी सल्लागाराकडून सोनेरी किनारीचा कागद विकत आणतो आणि फ्रेम करून ऑफिसात लावतो. त्या कागदात यंत्राचा गार्ड उघडा असल्याचं कुठंही लिहिलेलं नसतं. पण तो उघडाच असतो. मी खाली वाकून पाहिलेलं असतं.

मला सगळ्यांत जास्त लागतं ते इथं. गार्ड उघडल्यावर यंत्र थांबलं पाहिजे, त्यासाठी इंटरलॉक हवा, हे डिझाइनच्या वेळीच ठरवायला हवं. ते यंत्र पोलंडमधल्या कुठल्यातरी कारखान्यात रात्रपाळीला चालणार असतं. अडकलेलं झाकण काढायला तिथली ऑपरेटर बाई हात आत घालणार असते. ती आपल्याला कधी भेटणार नाही. नेमप्लेटवरची दोन अक्षरं बघून ती आपल्यावर विश्वास ठेवणार. मग हे काम खोक्याच्या फळ्या ठोकायच्या वेळी कसं आठवतं?

माहितीपुस्तिकेचं तर विचारूच नका. यंत्र ज्या देशात वापरायचं त्या देशाच्या भाषेत ती हवी. मूळ पुस्तिकेवर ‘मूळ सूचना’ आणि भाषांतरावर ‘मूळ सूचनांचं भाषांतर’ असे शब्द हवेतच. ते गाळतात. ऑपरेटरच्या जागी यंत्राचा आवाज ७० डेसिबलच्या वर गेला तर तो आकडा द्यायचा, आणि वर जात नसेल तर जात नाही असं लिहायचं. दोन्हींपैकी काहीच लिहिलेलं नसतं, कारण आवाज कुणी मोजलेलाच नसतो. शॉप फ्लोअरवर सगळी यंत्रं चालू असताना मोबाइलच्या अ‍ॅपनं मोजलेला आकडा मला पाठवू नये, ही विनंती मी वारंवार केली आहे.

नेमप्लेटवर बांधणीचं वर्ष लिहायचं असतं. ते पुढं किंवा मागं ढकलायला साफ मनाई आहे. यंत्र डिसेंबरात तयार होतं, जहाज जानेवारीत निघतं आणि बायरला नवं वर्ष हवं असतं. मी नाही म्हटलं, की मी आडमुठी ठरते.

आणखी एक. दुसऱ्या यंत्रात जोडायचा अर्धवट भाग, म्हणजे एकट्यानं काहीच काम करू शकत नाही असा जोड, त्यावर यंत्र-निर्देशाखाली सीई लावायचंच नसतं. त्याला वेगळं जोडणी-घोषणापत्र असतं. तरी ‘लावलं तर काय बिघडलं?’ असं विचारतात. ज्याला चिन्ह लागू नाही त्यावर ते लावणं युरोपीय कायद्यानं निषिद्ध आहे, एवढं बिघडलं.

शेवटी घोषणापत्र. त्यावर टेक्निकल फाइल तयार करण्याचा अधिकार ज्याला दिलाय त्याचं नाव-पत्ता लागतो, आणि तो माणूस युरोपीय संघातला असावा लागतो. तिथं भोसरीचा पत्ता चालत नाही. तो बदलून मी पुढचा परिच्छेद वाचते, तर निर्देश ९८/३७/ईसी! तो २००९ साली २९ डिसेंबरला संपला. कुणाच्या तरी जुन्या फाइलवरून कुणीतरी उतरवलं, त्यावरून दुसऱ्यानं, आणि मालकांनी न वाचता सही ठोकली.

२० जानेवारी २०२७ पासून यंत्रांना नवा नियम लागू होतो : (ईयू) २०२३/१२३०. माहितीपुस्तिका डिजिटल देता येईल, पण खरेदीच्या वेळी ग्राहकानं मागितली तर महिन्याच्या आत छापील प्रत फुकट द्यावी लागेल. घोषणापत्रावरचा क्रमांकही बदलेल. ज्या कारखानदारांच्या संगणकात ‘सीई फायनल नवीन’ नावाची वर्ड फाइल आहे, त्यांनी ती आजच पुसून टाकावी आणि पुढचं यंत्र ड्रॉइंगवर असतानाच मला बोलवावं.