चिकूच्या गावात संत्र्याचा महाल

मुंबईच्या एका साहेबांचं डहाणूत सेकंड होम आहे. समुद्र बघून झाला, चिकू खाऊन झाला, वारली चित्रांची उशीकव्हरंही घेऊन झाली. आता त्यांना ‘ऑरेंजरी’ हवी आहे. म्हणजे बंगल्याला खेटून काचेची खोली, खोलीत कुंड्या, कुंड्यांत संत्र्याची झाडं आणि झाडांमध्ये वेताच्या खुर्चीत साहेब.

हा शौक मूळचा युरोपातल्या राजेरजवाड्यांचा. थंडीनं संत्र्याची झाडं मरायची, म्हणून दक्षिणेकडे मोठाल्या खिडक्या ठेवून त्यांच्यासाठी दालनं बांधत. चौदाव्या लुईनं व्हर्सायला १६८४ ते १६८६ या काळात असंच एक प्रशस्त दालन उठवलं. झाडं हिवाळाभर आत, उन्हाळ्यात बाहेर. डहाणूत हिवाळा येतो तो स्वेटरची घडी मोडण्यापुरता. त्यामुळे मिस्त्रीला पहिल्याच दिवशी शंका आली. “शेठ, झाड आत कशाला? बाहेर काय होतंय त्याला?” साहेब म्हणाले, “अहो, तो कॉन्सेप्ट आहे.” मिस्त्रीनं वहीत ‘कॉन्सेप्ट’ लिहिलं आणि पुढे रकमेसाठी जागा मोकळी सोडली.

एस्टिमेट वाचण्यासारखं आहे. खोली २७० चौरस फूट. ऊन आत यावं म्हणून तिन्ही बाजूंना टफन काच. आलेलं ऊन सोसवणार नाही म्हणून काचेला फिल्म. फिल्मनं भागणार नाही म्हणून पडदे, आणि पडद्यांचा भरवसा नाही म्हणून दोन एसी. खाऱ्या वाऱ्यानं स्क्रू गंजतात, तेव्हा ते सगळे स्टेनलेस स्टीलचे. पावसाचा मारा नैऋत्येकडून, आणि समुद्र दिसावा म्हणून काचही नेमकी तिकडेच. त्यामुळे जून ते सप्टेंबर बाहेरून निळी ताडपत्री. (ताडपत्री ही त्या कागदावरची एकमेव बाब, जिच्यावर मिस्त्रीनं वाद घातला नाही.) बेरीज अठरा लाख चाळीस हजार, जीएसटी वेगळा. झाडं नागपूरकडून येणार, त्यांचं भाडंही वेगळं.

विजेचं मात्र साहेबांना टेन्शन नाही. डहाणूत ५०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहेच की! त्याची वीज मुंबईला जाते, धूर इथे राहतो आणि साहेब शुद्ध हवेसाठी शनिवार-रविवार डहाणूला येतात.

परवानगीचा विषय निघाला. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ साली त्यासाठी खास प्राधिकरणही नेमलं गेलं. साहेब हसले. “याच तालुक्यात वाढवणला ७६ हजार कोटींचं बंदर बसतं, तिथे माझ्या चार कुंड्या कुणाला खुपणार?” या युक्तिवादाला आमच्याकडे उत्तर नाही. बहुधा कुणाकडेच नसावं.

एस्टिमेटमध्ये एकच गोष्ट राहिली आहे, ती म्हणजे जमीन. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडी परिसरात भिंतींना तडे गेले आणि ऐन थंडीत लोक पोराबाळांसकट घराबाहेर, तंबूत झोपले. तीन बाजूंना काच असलेल्या खोलीत त्या रात्री काय झालं असतं, हे मिस्त्रीनं विचारून पाहिलं. साहेब म्हणाले, “इन्शुरन्स टाका त्यात.” मिस्त्रीचं स्वतःचं जुनं घर कुडाचं आहे, कारवीच्या काठ्या उभ्या करून शेणमातीनं लिंपलेलं. धक्का बसला की भिंत हलते, पोपडे पडतात, दुसऱ्या दिवशी घरातली बाई पुन्हा सारवते. तेवढा इन्शुरन्स त्याच्या घराला आहे.

आता त्यालाही पक्कं घर हवं आहे आणि त्यानं घरकुलासाठी अर्ज केला आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या ग्रामीण लाभार्थ्याला १ लाख २० हजार रुपये अनुदान ठरलं आणि घर किमान २५ चौरस मीटरचं. म्हणजे २६९ चौरस फूट. संत्र्यांच्या खोलीपेक्षा एक चौरस फूट कमी. त्यात चूल, देव, भांडी, नवरा-बायको, दोन पोरं आणि म्हातारी. काच नाही, एसी नाही, कॉन्सेप्टही नाही.

मिस्त्री हे काम घेणार आहे. का घेऊ नये? मजुरी रोख मिळेल, आणि तिच्यातून त्याच्या घरकुलाची पायाभरणी होईल. फक्त त्यानं एक अट घातली आहे: उरलेली काच त्याला द्यायची, खिडकीसाठी.

डहाणूत असलंच काही बांधायचं ज्यांच्या मनात असेल, त्यांना फुकटचा सल्ला. बंगल्याला पश्चिमेकडून कौलारू पडवी काढा, खाली दगडी ओटा घाला, समोर चिकूचं एक कलम लावा. ऊन आत येणार नाही, वारा येईल, पावसात खुर्ची हलवावी लागणार नाही. एस्टिमेट अर्ध्या पानात संपतं. आणि संत्री डहाणूच्या बाजारात किलोवर मिळतात.